पी०१३५ आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला का? हीटर असलेल्या सेन्सरची तपासणी

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २०१४ सालची, चार सिलिंडरची, बीएस-४ पेट्रोल हॅचबॅक आहे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उघड्यावर उभी होती आणि त्यानंतर चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर लावला असता पी०१३५ हा एकच कोड मिळाला, म्हणजे पहिल्या बँकेतील (सिलिंडरांच्या रांगेतील) पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड. गॅरेजमध्ये कोड वाचताक्षणी ‘सेन्सर बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले. कपलर काढून मीटर लावण्याची तसदी कोणी घेतली नाही. सेन्सर महाग आहे आणि असे भाग एकदा बसवल्यानंतर दुकानदार परत घेत नाहीत, म्हणून आधी तपासणी करावी असे मला वाटते.

सातारा-पुणे प्रवासात गाडीचे ॲव्हरेज पूर्वीइतकेच मिळते. गावातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये मात्र ते स्पष्टपणे कमी झाले आहे आणि सिग्नलला बराच वेळ थांबल्यावर सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो. माझ्याकडे डिजिटल मल्टिमीटर आणि ५ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प आहे. तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे जाणकारांनी सांगावे.

---

तंत्रनिकेतन

छोट्या फेऱ्या आणि महामार्ग यांच्यात आपण जो फरक नोंदवला आहे, तो फार मोलाचा आहे.

आपल्या गाडीत बहुधा झिर्कोनियाचा सेन्सर असावा. त्यात इट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाच्या सिरॅमिकवर दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा पातळ थर दिलेला असतो. एका बाजूला सायलेन्सरमधला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते, आणि या दोन्हींतील ऑक्सिजनच्या प्रमाणात जेवढी तफावत, तेवढा व्होल्टेज निर्माण होतो. मिश्रण रिच (इंधन जास्त) असेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीन (इंधन कमी) असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, आणि शुद्ध पेट्रोलसाठी १४.७ भाग हवेस एक भाग इंधन या प्रमाणाजवळ तो एकदम उडी घेतो. परंतु हे सिरॅमिक सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय ही क्रिया नीट होत नाही.

बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत प्रथम आला तेव्हा त्यात हीटर नव्हता. धुराच्या उष्णतेने तो तापेपर्यंत वाट पाहावी लागे, आणि इंजिन बराच वेळ आयडलवर राहिले की तो पुन्हा थंड पडे. १९८२ पासून हीटर असलेले सेन्सर आले ते नेमके याच दोन अडचणींसाठी. हीटर बंद पडलेली गाडी म्हणूनच महामार्गावर ठीक चालते, कारण तिथे धूरच सेन्सरला तापता ठेवतो. छोट्या फेऱ्यांत आणि सिग्नलवर मात्र ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) सेन्सरचा भरवसा राहत नाही आणि ते ठरावीक, थोडे जास्तच इंधन सोडत राहते. तेव्हा आपल्या गाडीत हीटर तापत नाही, ही गोष्ट मी खरी धरून चालेन.

मात्र हीटर तापत नाही आणि हीटर जळाला आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पी०१३५ फक्त पहिली सांगतो. हीटरपर्यंत वीज पोहोचत नसेल, ईसीयू अर्थ देत नसेल किंवा मधली वायर तुटली असेल, तरीही कोड हाच येतो. एक गोष्ट आधी सांगा: कन्व्हर्टरनंतरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागानंतरच्या) दुसऱ्या सेन्सरच्या हीटरचा कोड, म्हणजे पी०१४१, पेंडिंग (अजून पक्क्या न झालेल्या कोडांच्या) यादीत तरी दिसतो का?

---

कृष्णाकाठ

पी०१४१ कुठेही नाही. पेंडिंग यादीही पाहिली. तिथेही पी०१३५ च आहे.

---

वायरिंगवाला

मग फ्यूजच्या मागे लागण्यात अर्थ नाही. अनेक गाड्यांत दोन्ही सेन्सरच्या हीटरना एकाच फ्यूजमधून वीज जाते. तो उडाला असता तर दोन्ही कोड एकत्र आले असते. आपल्या गाडीची वायरिंग आकृती मिळाली तर याची खात्री करून घ्या. आता शंका राहते ती तीन ठिकाणी: खुद्द हीटर, फाट्यापासून (जिथे वीज दोन सेन्सरकडे विभागते तिथून) पुढच्या सेन्सरपर्यंतची पुरवठ्याची वायर, आणि ईसीयूकडून येणारी कंट्रोलची वायर.

इंजिन पूर्ण थंड असताना काम सुरू करा. सेन्सरचा कपलर सोडवा. सेन्सरकडून येणाऱ्या चार वायरींपैकी एकाच रंगाच्या ज्या दोन असतात, त्या हीटरच्या. बॉश आणि एनटीके यांच्या सेन्सरमध्ये त्या बहुधा पांढऱ्या असतात, काळी सिग्नलची आणि राखाडी सिग्नलच्या अर्थची. डेन्सोच्या सेन्सरमध्ये मात्र हीटरच्या दोन्ही वायरी काळ्या, सिग्नलची निळी आणि अर्थची पांढरी, अशी पद्धत सर्रास दिसते. म्हणून ‘काळी म्हणजे सिग्नल’ असे गृहीत न धरता जोडी ओळखावी. हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूचे रंग गाडीच्या कंपनीचे असतात आणि ते सेन्सरच्या रंगांशी जुळत नाहीत; तिथे कपलरमधल्या पिनची जागा पाहूनच जोडी लावावी.

प्रथम मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध पाहा आणि तो पुढच्या वाचनातून वजा करा. मग हीटरच्या दोन पिनांमधील रोध मोजा. बहुतेक झिर्कोनिया सेन्सरमध्ये थंड हीटरचा रोध साधारण ४ ते १५ ओमच्या दरम्यान असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावा. मीटरने ‘ओएल’ (रोध मापाबाहेर) दाखवले तर हीटर तुटला. शून्याजवळ आकडा आला तर तो शॉर्ट झाला आहे, आणि असा सेन्सर पुन्हा जोडू नये, कारण फ्यूज उडेल किंवा ईसीयूमधला ड्रायव्हर (हीटर चालू-बंद करणारा भाग) जळेल. त्यानंतर हीटरची एक पिन आणि सेन्सरचे धातूचे अंग, तसेच हीटरची एक पिन आणि सिग्नलची पिन यांच्यात मोजा. दोन्ही ठिकाणी काहीही वहन दिसता कामा नये. सिग्नल आणि सिग्नलचा अर्थ या दोन पिनांवर ओमच्या रेंजवर मीटर लावू नका, कारण मीटर त्या सिरॅमिकमधून स्वतःचा प्रवाह सोडतो.

आता हार्नेसची बाजू. काही गाड्यांत हीटरची वीज पेट्रोल पंपाच्या रिलेवरून येते आणि चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंदांतच बंद होते, म्हणून हे मापन इंजिन चालू करून घेणे चांगले. कपलर सुटा ठेवूनच पुरवठ्याच्या पिनवर आधी मीटरने व्होल्टेज पाहा, आणि मग त्याच पिनवर आपला टेस्ट लॅम्प लावून, त्याचे दुसरे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरून, बल्ब किती प्रकाशतो ते पाहा. बल्ब लागलेला असतानाचा व्होल्टेजही टिपून ठेवा. दोन्ही आकडे इथे लिहा.

इंजिन चालू असताना मॅनिफोल्ड, पंखा आणि पट्टा यांपासून हात व बाह्या जपाव्यात.

---

घाटवाट

माझ्या गाडीत हाच कोड आला होता आणि सेन्सर बदलल्यावर तो गेला. सेन्सर दहा वर्षांचा असेल तर तसाही बदलायला आला आहे, असे माझे मत.

---

वायरिंगवाला

वय झालेला सेन्सर बदलण्याला माझी हरकत नाही, पण नवा सेन्सरही त्याच कपलरला जोडायचा आहे. वीज तिथपर्यंत येत नसेल तर नव्या सेन्सरचाही हीटर तापणार नाही, आणि ग्राहक पैसे भरून तोच दिवा घेऊन घरी जाईल. हे मी गॅरेजांतून वारंवार पाहिले आहे आणि त्याचे मला वाईट वाटते, कारण हे मापन चहा थंड होण्याआधी होणारे आहे.

---

कृष्णाकाठ

आज सकाळी गाडी थंड असताना सर्व मापने घेतली.

सेन्सरच्या चार वायरींपैकी दोन पांढऱ्या आहेत. त्यांच्यातील रोध, मीटरच्या वायरींचा वजा करून, ९.६ ओम आला. हीटर ते अंग आणि हीटर ते सिग्नल, दोन्हीकडे मीटरने ‘ओएल’ दाखवले.

इंजिन चालू करून हार्नेसच्या एका पिनवर १३.८ व्होल्ट मिळाले, म्हणजे पुरवठा आहे असे वाटले. परंतु त्याच पिनवर टेस्ट लॅम्प लावला तेव्हा बल्बची तार केवळ मंद लालसर झाली. बल्ब लागलेला असताना त्या पिनवर मीटरने ३.४ व्होल्ट दाखवले. खात्री करण्यासाठी तोच बल्ब थेट बॅटरीवर लावला, तर लख्ख पेटला.

---

वायरिंगवाला

बिघाड सापडला असे समजा. आता फक्त त्याची जागा शोधायची.

हीटरचा रोध योग्य आहे आणि त्याचे इन्सुलेशनही शाबूत आहे. पुरवठ्याच्या पिनवर पूर्ण व्होल्टेज दिसतो, कारण डिजिटल मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. वायरचा एखादा धागा शिल्लक असला तरी तेवढ्याला तो पुरतो. बल्बने अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह मागितला, तर वाटेतच दहा व्होल्टहून अधिक खर्ची पडले. आपला ९.६ ओमचा हीटर थंड असताना सव्वा ते दीड अँपिअर मागतो. या वायरीतून तो तापणे शक्यच नाही.

आता बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पुढे सरकत जा. बल्ब त्या पिनवर लावलेलाच ठेवा, मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला धरा आणि लाल टोक फ्यूजवर, मग रिलेनंतर, मग हार्नेसमध्ये जिथे पोहोचता येईल तिथे लावा. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा १३ वरून ३ वर येतो, त्या दोहोंच्या मध्ये दोष आहे. मागच्या सेन्सरचा कोड नसल्यामुळे तो फाट्याच्या पुढेच सापडेल, असा माझा अंदाज आहे. गाडी उघड्यावर उभी होती, तर बॅटरीच्या ट्रेखाली आणि गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला उंदरांच्या खुणा आहेत का, हेही पाहा.

कंट्रोलची वायर राहिली आहे. टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे कंट्रोलच्या पिनवर धरून इंजिन चालू करा. ईसीयू हीटरचा अर्थ पल्सच्या स्वरूपात देते, म्हणून बल्ब लुकलुकेल किंवा मध्यम प्रकाशाने जळेल. थंड इंजिन चालू झाल्याबरोबर तो पूर्ण प्रकाशला नाही तरी घाबरू नका: सायलेन्सरमध्ये साचलेले पाणी वाफ होऊन जाईपर्यंत ईसीयू मुद्दाम हीटर कमी तापवते, कारण तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला तर ते तडकते. काही गाड्यांत कपलर सुटा असल्याचे कळताच ईसीयू हा अर्थ देणे थांबवते. तसे झाले तर हे मापन कपलर जोडून, मागच्या बाजूने बारीक पिन घालून करावे.

---

सीएनजी_पुणेकर

एक मुद्दा जोडतो. गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलेली असेल तर तपासणीची सुरुवात तिथून करावी. काही किटमध्ये ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नलची वायर कापून मध्ये एम्युलेटर बसवतात, जो पेट्रोलच्या ईसीयूला बनावट सिग्नल देतो. अशा गाडीत स्कॅनरवर दिसणारा चढउतार सेन्सरचा नसून त्या डबीचा असू शकतो. शिवाय जोड बहुधा नुसती वायर पिळून, वर टेप गुंडाळून केलेले असतात, आणि टेपचा डिंक इंजिनच्या उष्णतेने सुटला की पावसाळ्यात तिथे हिरवा गंज चढतो.

---

कृष्णाकाठ

गाडीला सीएनजी नाही, परंतु हिरवा गंज मात्र सापडला.

कंट्रोलच्या पिनवर बल्ब लुकलुकला, म्हणजे ईसीयूची बाजू ठीक आहे. फ्यूजच्या दोन्ही बाजूंना १३.७ व्होल्ट होते. हार्नेस बॅटरीच्या ट्रेखालून इंजिनाच्या पुढच्या बाजूला वळतो तिथे प्लॅस्टिकची नळी कुरतडलेली होती आणि आत उंदराच्या लेंड्या पडल्या होत्या. पुरवठ्याच्या वायरचे आवरण बोटभर लांबीत गेले होते, तांब्याचे बहुतेक धागे हिरवी भुकटी होऊन तुटले होते आणि दोन-तीन धाग्यांवर ती वायर तग धरून होती. शेजारच्या दोन वायरींवर दातांच्या खुणा आहेत, परंतु तांबे उघडे पडलेले नाही.

आता ती वायर जोडताना काय काळजी घ्यावी?

---

वायरिंगवाला

गंज जिथपर्यंत पोहोचला आहे तिथपर्यंत वायर कापून टाका. आवरण थोडे सोलून पाहा. तांबे काळसर दिसत असेल तर आणखी मागे जा, चकचकीत तांबे लागेपर्यंत. तेवढ्याच जाडीच्या वायरचा तुकडा घाला, क्रिम्प करा आणि आत डिंक असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. शेजारच्या दोन वायरींनाही स्लीव्ह किंवा चांगली टेप लावून सगळा भाग नव्या नळीत घाला.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. ही जोडणी हार्नेसमध्ये आहे, म्हणून सोल्डर केले तरी चालते. सेन्सरच्या स्वतःच्या वायरी मात्र सोल्डर करू नयेत: अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या धाग्यांमधल्या पोकळीतून आत घेतात आणि सोल्डरने ती वाट बुजते. त्याच कारणाने सेन्सरच्या कपलरमध्ये ग्रीस भरू नये आणि क्लीनरचा फवारा मारू नये.

---

कृष्णाकाठ

वायर जोडली, कोड पुसला. आता त्या पिनवर बल्ब लख्ख पेटतो आणि बल्ब लागलेला असतानाही १३.५ व्होल्ट मिळतात. दिवा पुन्हा लागलेला नाही.

सेन्सरचा सिग्नल स्कॅनरवर पाहिला. गरम इंजिनवर तो ०.१५ ते ०.८ व्होल्टच्या दरम्यान वरखाली होतो. परंतु लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक ८ टक्के दिसते. ओळखीच्या एका मेकॅनिकचे म्हणणे असे, की सेन्सर म्हातारा होऊन मिश्रण खोटेच लीन दाखवत आहे, म्हणून तो बदलावाच. याबद्दल काय वाटते?

---

तंत्रनिकेतन

प्रथम, वायर दुरुस्त झाली याबद्दल अभिनंदन.

ट्रिमचा अर्थ असा, की ईसीयूला मूळ हिशेबापेक्षा आठ टक्के जास्त इंधन सोडावे लागत आहे. याला सेन्सर जबाबदार असू शकतो, पण त्याआधी तीन गोष्टी पाहायला हव्यात.

पहिली गोष्ट पेट्रोलची आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे शुद्ध इथेनॉलच्या पूर्ण ज्वलनाला एका भागामागे केवळ ९ भाग हवा लागते, आणि ई-२० मिश्रणासाठी हे प्रमाण सुमारे १३.५ वर येते. सेन्सरला इंधनाचे नाव कळत नाही. त्याला उरलेला ऑक्सिजन तेवढा कळतो. त्यामुळे २०१४ च्या, इथेनॉल नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या पेट्रोलसाठी जुळवलेल्या गाडीत अचूक सेन्सरसुद्धा अधिकच्या दिशेने ट्रिम दाखवणारच. १४.७ ते १३.५ हा फरक साधारण तेवढाच आहे. या एका कारणाने चांगले सेन्सर कचऱ्यात जात आहेत, ही मला खरोखर चिंतेची बाब वाटते.

दुसरी, इनटेकमधली गळती. आयडलला आणि २,५०० आरपीएमला ट्रिम वेगवेगळे टिपा. आयडलला जास्त आणि वरच्या आरपीएमला बरेच कमी असेल तर इनटेकच्या एखाद्या पाइपमधून हवा शिरत आहे. दोन्हीकडे सारखे असेल तर रोख इंधनाकडे जातो.

तिसरी, सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून होणारी गळती. धुराच्या दोन ठोक्यांच्या मध्ये दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर तो ऑक्सिजन मिश्रणातला समजतो. थंड इंजिन चालू करून लगेच जोडावर साबणाचे पाणी फवारले तर बुडबुडे दिसतात. मिसफायरमध्येही असेच होते, कारण न जळलेल्या सिलिंडरमधला सगळा ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो.

आता सेन्सरची परीक्षा. ‘सिग्नल हलतो आहे’ एवढ्यावर थांबू नये. त्याला दोन्ही टोकांना नेऊन पाहावे. मोकळ्या रस्त्यावर, शेजारी दुसरी व्यक्ती स्कॅनर घेऊन बसलेली असताना, उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण सोडावा. ईसीयू इंधन बंद करते आणि सिग्नल ०.१ व्होल्टच्या खाली यायला हवा. मग दुसऱ्या गिअरमध्ये जोराने ॲक्सिलरेटर द्यावा, सिग्नल ०.८ च्या वर जायला हवा. इंधन बंद असतानाही सिग्नल ०.३ वर अडला, किंवा जोर देऊनही ०.६ च्या पुढे गेला नाही, तर सेन्सरवर संशय घ्यावा.

सेन्सरची चपळाई मात्र स्वस्त स्कॅनरवर तपासता येत नाही. चांगला सेन्सर लीनवरून रिचवर १०० मिलिसेकंदांच्या आत जातो, आणि अनेक आकडे एकाच वेळी उघडले की स्कॅनर प्रत्येक आकडा सावकाश वाचतो. पडद्यावर सेन्सरच्या व्होल्टेजचा एकच आकडा ठेवावा. पी०१३३ (सेन्सरचा प्रतिसाद मंद असल्याचा कोड) आला असेल तर ऑसिलोस्कोपला पर्याय नाही.

---

बीएस६_मित्र

नव्या गाड्यांच्या मालकांसाठी एक सूचना. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर वाइडबँड असतो. तो ०.१ आणि ०.९ च्या मध्ये उड्या मारत नाही. त्याच्यात पंप सेलचा प्रवाह मोजतात आणि स्कॅनरवर लॅम्डाचा (प्रत्यक्ष हवा आणि पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा यांच्या गुणोत्तराचा) आकडा दिसतो, जो स्थिर गतीत १ च्या आसपास राहतो. तो स्थिर दिसला म्हणून मेलेला समजू नये. वायरी मोजूनही फसगत होते, कारण बॉशच्या वाइडबँड सेन्सरला पाच वायरी असल्या तरी टोयोटा गाड्यांतील डेन्सोच्या काही एअर-फ्युएल सेन्सरना चारच असतात. त्यांच्या हीटरचा थंड रोधही २ ते ३ ओमच्या आसपास भरतो, त्यामुळे वरचे ४ ते १५ ओमचे माप लावले तर चांगला हीटर शॉर्ट ठरेल. सेन्सरचा पार्ट क्रमांक आधी पाहावा.

---

कृष्णाकाठ

खंबाटकी घाटाच्या उतारावर भावाला शेजारी बसवून तपासणी केली. ॲक्सिलरेटर सोडताच सिग्नल ०.०४ व्होल्टवर आला आणि दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर ०.८७ पर्यंत गेला. ट्रिम आयडलला अधिक ८ आणि २,५०० आरपीएमला अधिक ७ आहे. मॅनिफोल्डवर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आले नाहीत.

मागचा सेन्सर ०.६५ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर असतो. तोही बिघडला आहे का?

---

तंत्रनिकेतन

नाही, कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून ठेवतो, त्यामुळे मागचा सेन्सर स्थिरच राहायला हवा. तो पुढच्यासारखा वरखाली होऊ लागला तर कन्व्हर्टरचा विचार करावा लागेल.

आपला पुढचा सेन्सर दोन्ही टोके गाठतो, ट्रिम दोन्ही आरपीएमला जवळपास सारखे आहे आणि गळती नाही. हे आकडे इंधनाशी जुळतात. मी हा सेन्सर बदलणार नाही. ट्रिम पुढे वाढत जाऊन १५ टक्क्यांच्या वर गेले, तर पेट्रोलचा दाब आणि इंजेक्टर तपासावेत. पुढे कधी सेन्सर काढण्याची वेळ आलीच, तर त्याचे टोक पाहून घ्यावे: पांढरी भुकटी सिलिकॉनच्या गॅस्केट पेस्टकडे किंवा कूलंटकडे बोट दाखवते, कोरडी काजळी रिच मिश्रणाकडे. ते मूळ कारण दूर केल्याशिवाय नवा सेन्सर बसवू नये.

---

वायरिंगवाला

नवा बसवायचा झाल्यास १८ मिलिमीटरच्या आट्यांवर कंपनीने लावलेली पेस्ट पुरेशी असते. टोकाला काहीही लागू देऊ नये आणि ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास कसावा. तूर्त कोड पुसल्यामुळे स्कॅनरच्या रेडिनेस (ईसीयूच्या स्वतपासण्या पूर्ण झाल्या का, ते दाखवणाऱ्या) यादीत ‘ऑक्सिजन सेन्सर हीटर’ अपूर्ण दिसत असेल. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिन चालू करा, थोडा वेळ आयडलवर राहू द्या आणि मग नेहमीसारखी चालवा. ती नोंद पूर्ण झाली आणि पेंडिंग यादी कोरी राहिली, की काम संपले.

---

कृष्णाकाठ

आज सकाळी नोंद पूर्ण झाली आणि पेंडिंग यादीत काही नाही. हार्नेसच्या नव्या नळीवरून बारीक जाळी गुंडाळली आहे. सर्वांचे मनापासून आभार.